छातीचं माप

भगवंतराव प्रोफेसरांनी खुर्ची मागे सरकवली. फार नाही, वीतभरच. पण फरशीवर तिचे पाय असे करकरले की सहदेवला वाटलं, आपल्याच आतलं काहीतरी घासलं गेलं. दवाखान्यातला दाखला टेबलावर उघडा पडला होता. प्रोफेसरांनी तो हातात धरून वाचायला घेतला होता आणि रोगाचं नाव आलं त्या ओळीपाशी बोटं उघडून सोडून दिला होता. मग खुर्ची. मग खिशातला रुमाल. एवढा पिळदार माणूस, मागच्या भिंतीवरच्या फोटोत कमरेला वाघाचं कातडं बांधून दंडाची बेडकी फुगवून उभा असलेला, आणि समोरच्या मूठभर शिंप्याला भ्यायला. सहदेवला आधी हसूच आलं. जन्मात आपल्याला कुणी भ्यालं नव्हतं, गल्लीतलं कुत्रंसुद्धा नाही. पण ते हसू वर येता येता घशात खोकल्याला भेटलं, आणि त्यानं तोंड फिरवून शर्टाची बाही ओठांवर दाबली. खोकला गिळायची कला त्याला या पंधरवड्यात चांगली साधली होती. व्यायामानं काही कमावलं असेल तर एवढंच.

भगवंतराव कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते. छातीवरून मोटार जाऊ देणाऱ्या, दातात दोर धरून बैलगाडी ओढणाऱ्या माणसाला लोक आपण होऊन प्रोफेसर म्हणत, आणि असा माणूसही ते नाव आनंदानं लावून घेई. ते मूळचे मलकापूरकडचे. चीनची लढाई झाली आणि बुलढाण्यात ज्याला त्याला एकदम छातीची आठवण झाली; त्याच हिवाळ्यात त्यांनी इथं बलभीम आरोग्य मंदिर उघडलं. सहदेवच्या दुकानासमोरच्या भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, 'देशाला पोलादी छात्या हव्यात.' आणि त्याखाली लहान अक्षरात, वर्षाची योजना, लेखी करार, फी आगाऊ. मशीनवर वाकलेली मान वर केली की समोर पोलादी छात्या. सुईत दोरा ओवायला डोळे बारीक केले तरी पलीकडे पोलादी छात्या. छाती हा तसा त्याच्या धंद्यातलाच शब्द. कमर, बाही, गळा, तशी छाती. दुकानात येणारा प्रत्येक पुरुष, मग तो कारकून असो की कापसाचा दलाल, टेप अंगाभोवती फिरली की श्वास ओढून छाती फुगवतो आणि फुगवलेली नाही असा चेहरा करतो. तेव्हा सहदेव हळूच म्हणे, "सोडा श्वास." माणूस ओशाळून श्वास सोडी, आणि खरं माप हातात येई. कलाबाई, त्याची बायको, आतल्या खोलीत स्वयंपाक करता करता हे दिवसभर ऐके आणि कधी कधी भाकरी थापताना त्याच आवाजात नक्कल करी. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदाच तेवढा होता, आणि घरात माणसं दोनच.

आपल्या छातीला त्यानं कधी टेप लावली नव्हती. शिंप्याचं माप कोण घेतो? पण गेल्या वर्षापासून बाजाराचा चढ चढताना मधे थांबावं लागे. बुलढाणा घाटमाथ्यावरचं, हवा थंड म्हणून साहेबलोकांनी पसंत केलेलं गाव. चार जिल्ह्यांचे लोक इथली हवा नाकात भरून घेत वाखाणतात, आणि आपल्यालाच ती पुरत नाही याची त्याला लाज वाटे. थांबल्यावर तो चपलेचा पट्टा सारखा करी, म्हणजे बघणाऱ्याला कारण दिसे. आणि वाकलेल्या त्या क्षणी हटकून बाप आठवे. उकंडराव, देऊळघाटला वांगी-मिरची लावणारा, शेवटच्या उन्हाळ्यात बाजेवर उताणा पडलेला. छातीत एवढा खड्डा की सहदेवला लहानपणी वाटे, तिथं पाणी ओतलं तर राहील. बाप ज्या वयात गेला त्या वयाला आपण टेकलोय हे त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. दुसरं मशीन घ्यायला म्हणून साठवलेलं सारं उचललं आणि पोलादी छाती घ्यायला गेला.

त्या दिवशीच तर घात झाला. आता प्रोफेसरांच्या रुमालाकडे बघत बसल्यावर तो दिवस असा लखलखीत समोर आला की शेंदराचा वासही आला. मंगळवार होता. कोपऱ्यात मारुती, समोर तांबडी माती उकरून ठेवलेली, आणि सहदेव स्नान करून, धुतलेलं धोतर नेसून, ताटात नारळ, फूल आणि पैसे घेऊन उभा. बाकीची पोरं टेबलापाशी जात होती, सही करत होती, नोटा मोजून देत होती, जशी सिनेमाची तिकिटं काढतात तशी. त्याला ते बघवेना. ज्याच्याकडून विद्या घ्यायची त्याच्या हातात पैसे मोजायचे? तो असल्या रीतीत वाढलाच नव्हता. देऊळघाटच्या अब्दुल गनी उस्तादांकडे बापानं त्याला शिवणकाम शिकायला नेलं, तेव्हा उस्तादांची कैची जमिनीवर मांडली होती आणि बापानं तिच्यावर सव्वा रुपया अन् गुळाचा खडा ठेवला होता. बाहेर आल्यावर सहदेवनं विचारलं होतं, ही फी का? बाप थांबला होता, आणि असा लागला होता बोलायला जणू पोरानं शिवी दिली. "फी मास्तरले देते, बापा. उस्तादले नजर करते. फी देल्ली का हिसाब चुकला. नजर देल्ली का तो आपला होते." उस्तादांनी गूळ अर्धा मोडून त्याच्या तोंडात घातला होता आणि त्याच्या बोटात अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, चढवलं होतं, पितळी, सैल. माप घेताना "सांस छोडो, मियाँ," असं हळू म्हणायचं हेही त्यांचंच. तो त्यांचा झाला तो झालाच. उस्ताद गेले तेव्हा मातीला गावकऱ्यांच्या रांगेत सहदेवही होता. आणि म्हणून, त्या मंगळवारी प्रोफेसर म्हणाले, "फी तिकडे टेबलावर दे," तेव्हा सहदेवनं ताट मारुतीच्या पायाशी ठेवलं, हात जोडले आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फी कायले म्हणता जी? दक्षिणा समजा." सही मग केली, करार मग घेतला. पण पैसे ते असे दिले. प्रोफेसर गहिवरले होते, अगदी खरे गहिवरले होते. त्यांनी त्याच्या कपाळाला शेंदूर लावला आणि सगळ्या पोरांना म्हणाले, "बघा, हा शिष्य." परत येताना चढावर तो त्या दिवशी थांबला नाही. आयुष्यात आपण एक वाक्य चांगलं बोललो, असं त्याला कितीतरी दिवस वाटत होतं.

"हे तुला कधी कळलं?" प्रोफेसर रुमालातून बोलले. भाषणासारखी पुस्तकी भाषा त्यांनी अजून सोडली नव्हती.

"पंधरा-वीस दिस झाले जी. दंड मारता मारता चक्कर आली होती ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलतो. फोटो काढला छातीचा. तवापासून इथं पाय नाई ठेवला. करार रद्द करा म्हणून पुंजाजीभाऊजवळ सांगून धाडलं होतं." पुंजाजी दाराशी उभा होता. मंदिराची माती उकरणारा, मारुतीला दिवा लावणारा म्हातारा. त्यानं मान हलवली. सहदेव पुढे म्हणाला, "करारात लिव्हलं हाय, बिमारीचा दाखला आणला तं उरलेल्या महिन्यांची फी वापस. म्हणून दाखला आणला. सुया घ्या लागते जी रोज. सरकारी साठा सरला हाय, बाहेरून घ्या म्हणते डॉक्टर."

"फी वापस. बरोबर आहे. आम्ही छापलेला शब्द मोडत नाही." प्रोफेसरांना काहीतरी सुचत होतं, आणि ते सुचताना सहदेवला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "पण तू फी कुठं भरली?"

सहदेवला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, जागा विचारतात. त्यानं मारुतीकडे हात केला.

"हां. पुंजाजी, तू होता ना त्या दिवशी?" प्रोफेसर आता पुस्तकातून उतरून सरळ मलकापुरावर आले होते. "मी याले फी टेबलावर दे म्हटलं, तं हा काय बोलला?"

पुंजाजीनं चौकटीला धरलं. तो सहदेवकडे बघेना आणि प्रोफेसरांकडेही बघेना. "म्या काय सांगू जी. म्या तं दिवा लावून राह्यलो होतो," तो पुटपुटला. त्याची दोन वेळची भाकरी या मंदिरात होती. त्याची मान अशी खाली गेली की सहदेवला ते सोसलं नाही. नाही म्हणणं सोपं होतं. फी म्हणालो होतो म्हटलं असतं तर कोण काय शाबीत करणार होतं? पण बापाचा तो थांबलेला चेहरा, उस्तादांचा अर्धा गूळ, हे सगळं त्या एका खोट्यात वितळून गेलं असतं असं काहीसं त्याला वाटलं. की निव्वळ भित्रेपणा होता, तेही त्याला नंतर नीट ठरवता आलं नाही. "दक्षिणा समजा, असं म्हणलो होतो," तो म्हणाला.

"ऐकलं?" प्रोफेसरांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, सुटल्याचा होता. "अरे, दक्षिणा कोणी वापस मांगते का बे? देवाच्या पायावर ठेवली तू. ते देणारा मी कोण? जा, बरा झाला का ये. तुही जागा राखून ठेवतो. अन् हा कागद…" त्यांनी बोट पुढे केलं आणि टेबलाला लागायच्या आत मागे घेतलं. "तूच उचल." सहदेवनं दाखला उचलून घडी केली. तो उंबऱ्याशी गेल्यावर मागून आवाज आला, "अन् ते पोरांच्या ड्रेसचं कापड देल्लं ना तुह्याकडं, ते शिवाची घाई नको करू." मंदिराच्या वार्षिक खेळांसाठी पोरांचे चड्डी-बनियन शिवायचं काम त्याच्याकडे होतं, आगाऊ पैशांचा इसार घेतलेला होता. किती केलं तरी माणूस चांगला, असं सहदेवला त्या वेळी वाटलं. आजाऱ्याला दम लागेल म्हणून म्हणतात. ही समजूत त्यानं घरापर्यंत जपून नेली.

रस्त्यावर ऊन कलंडलं होतं आणि खालच्या अंगाला राजूरच्या घाटातून मोटारी दम टाकत वर येत होत्या. चपलेचा पट्टा सारखा करायला तो वाकला. डॉक्टर म्हणाले होते, आता हा पूर्वीसारखा रोग राहिला नाही, सुया वेळच्या वेळी घेतल्या तर माणूस बरा होतो. बरा होतो, हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले होते. फक्त खाडा नको. प्रोफेसरही हेच म्हणत, खाडा नको. आपल्या बापाला असलं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या वेळी औषध नव्हतं, मग राग कुणाचा येणार? आता औषध होतं, बाजारात काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेलं दिसत होतं, आणि ते आपल्यापासून एका शब्दाच्या अंतरावर होतं. दक्षिणा. या शब्दाचा त्याला असा संताप आला की खोकला आला. रस्त्याच्या कडेला बसून तो मनसोक्त खोकला. घरी तशी मुभा नव्हती. कलाला काही माहीत नव्हतं. दवाखान्यातून आल्या दिवसापासून तो ओट्यावर निजू लागला होता, ताट-पेला स्वतः घासू लागला होता, आणि हे कसं सांगावं ते न सुचून त्यानं सांगितलं होतं की प्रोफेसरांचा नियम आहे, शरीर कमवायचं तर ब्रह्मचर्य पाळावं लागतं. कला आधी तोंडाला पदर लावून हसली होती. "शरीर कमवा तुमी, अन् उपास म्या करू? बलभीमाले बायको नोयती म्हणून का साऱ्या गावानं बायका सोडाव्या?" मग रोज रात्री ती ओट्यावर त्याचं अंथरूण घालून देताना एक दुधाचा पेला उशाशी ठेवी. पहिलवानाले लागते, म्हणे. तिनं स्वतःचा चहा बंद केला होता, हे त्याला नंतर कळलं. आणि तो पेला घेताना तिचं बोट आपल्या बोटाला लागू नये म्हणून तो जपे, आणि तिला वाटे, नियमाला किती पक्का माणूस.

समजूत दुसऱ्या दिवशीच फाटली. नेहमीची गिऱ्हाईक जनकाबाई आली, शिवायला दिलेले चोळीचे खण परत मागायला. लेकीचं लगन पुढं गेलं म्हणाली, तर लेकीचं लग्न कुठं ठरलंच नव्हतं. मग कचेरीतला एक कारकून आला, दारातच उभा राहिला. त्याचं पॅन्टचं कापड बेतून झालं होतं. "तसंच द्या, कापलेलंच द्या," तो म्हणाला. नेहमी मापाला छाती काढून उभा राहणारा माणूस अंग चोरून उभा होता. सहदेवला समजायला वेळ लागला नाही. गळ्याचं माप घ्यायला शिंपी किती जवळ येतो हे त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक? माणसाच्या मानेवर त्याचा श्वास पडतो. दोरा तो दातानं तोडतो. सुईत ओवताना त्याचं टोक ओठात ओलं करतो. हा धंदाच तोंडाचा आणि श्वासाचा होता, आणि दाखला टेबलावर उघडा पडला त्याच क्षणी तो संपला होता; खुर्चीच्या करकरीत त्यानं ऐकलं होतं ते हे. फी परत मिळवायला दाखला दाखवणं भाग होतं. आणि दाखला दाखवल्यावर परत मागायला सारं गाव त्याच्याकडे येत होतं. तो कुणाशी भांडला नाही. खण काढून दिले, कापलेले पाय घडी घालून दिले, चिंध्यासुद्धा गाठोड्यात बांधून दिल्या. प्रत्येकाचं ज्याचं त्याला. मशीनवर काही न घालता तो पाय मारत बसे, म्हणजे आत कलाला आवाज जाई.

पुंजाजी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. तो ओट्याखालीच उभा राहिला, डोक्याचं मुंडासं सारखं करत. "सायबानं ड्रेसचं कापड वापस मांगलं, सहदेवभाऊ," तो म्हणाला, आणि मग दुसरीकडे बघून, "अन् इसाराचे पैसे."

सहदेव आत बघत राहिला. इसार त्यानं पत्र्याच्या डबीत ठेवला होता, आणि ती डबी म्हणजे येत्या आठवड्याच्या सुया. दुसरं काही घरात नव्हतं. एक वाक्य त्याच्या तोंडात तयार झालं, अगदी पुरं, बेतून, टाचून, शिवून: इसार कायले म्हणता जी, मी तं मारुतीचा प्रसाद समजून घेतला. प्रसाद कुणी वापस मागते का? हेच वाक्य. असंच्या असं फेकलं असतं तर प्रोफेसरांची बोलतीच बंद झाली असती, पुंजाजीही मनातून खूष झाला असता. सहदेवनं ते जिभेवर घोळवलं. त्याची गोडी लागली त्याला. मग तो उठला, कापडाचा ताका खांद्यावर घेऊन आला, ओट्यावर टाकला आणि डबी उघडली. इसार हा इसार होता. एवढं साधं होतं ते. आणि त्या साधेपणाचा त्याला मनस्वी राग आला, बापाचा आला, उस्तादांचाही आला. त्यानं पैसे पुढे केले तेव्हा पुंजाजीनं हात पुढे केला नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याचा पदर ओंजळीवर पसरला. "सायबानं सांगतलं, हात लावजो नको," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सहदेवनं पैसे दुपट्ट्यात वरून सोडले.

एवढ्यात पडदा सारून कलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. पुंजाजी रोजचा ओळखीचा. "पाणी घ्या, मामाजी."

"नाई बाई. उपास हाय आज."

"पाण्याचा उपास?" कला हसली. "तुमच्या मंदिरातले नियम तं एकाहून एक. याईलेबी ओट्यावर निजवलं तुमच्या प्रोफेसरानं."

पुंजाजी भांबावला. "प्रोफेसरानं? तसं तं काई नाई तिथं, बाई. अन् सहदेवभाऊनं तं मंदिर सोडून कितीक दिस झाले." बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. गडबडीत त्यानं ताका उघड्या हातानंच उचलला, काखेत मारला आणि मागे न बघता चढ उतरू लागला. कला तांब्या घेऊन तशीच उभी. तिनं रिकाम्या फळीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, ज्याच्यात कापड नव्हतं. मग त्याच्याकडे.

"सारे जण आपापलं कापड काऊन वापस नेऊन राह्यले?" तिनं विचारलं. "मंदिर सोडलं, मंग ओट्यावर काऊन निजता जी तुमी?"

ती जवळ आली. या दिवसांत ती एवढी जवळ आली नव्हती. तिच्या कपाळावरचा चुलीचा काळा डाग दिसला, पदराला लागलेलं पीठ दिसलं. मागे भिंत होती, सरकायला वीतभरही जागा नव्हती. सहदेवनं श्वास ओढला आणि आतच धरून ठेवला. सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. तो तसाच उभा राहिला, छाती भरलेली, डोळे ताणलेले, गिऱ्हाइकं उभी राहतात तसा. कलानं क्षणभर पाहिलं, आणि तिला वाटलं, हा माणूस काहीतरी गंमत करतोय, अजूनही पहिलवानाचं सोंग आणतोय. तिच्या चेहऱ्यावरची भीती थोडी सैल झाली. मशीनवरची टेप उचलून तिनं ती त्याच्या छातीभोवती धरली, दोन्ही टोकं पुढे आणली, आणि त्याच्याच आवाजात, हळू, म्हणाली, "सोडा श्वास."

त्यानं मान वळवता येईल तेवढी भिंतीकडे वळवली.